बोट दाखवलेला भोपळा

मी एक जुना भोपळा आहे. जुना म्हणजे पाच महिन्यांचा. हसू नका मित्रांनो. तुमच्यात पाच महिन्यांचं बाळ नुकतंच पालथं पडायला शिकलेलं असतं, आमच्यात पाच महिन्यांचा भोपळा आजोबा झालेला असतो.

तेर गावच्या शिवारात, तेरणा नदीपासून चार शेतं अलीकडे, पिराजी आजोबा आणि पुतळाबाई आजी यांचं पत्र्याचं घर आहे. घराच्या पडवीत आढ्याला एक शिंकं टांगलेलं आहे आणि आज संध्याकाळपर्यंत मी त्या शिंक्यात बसलेलो होतो. माझा रंग नारिंगी, पाठीवर बारा फाका आणि देठ वाळून कडक झालेला. परीक्षेत शून्य मिळालं की तुम्ही माझं नाव घेता, हे मला ठाऊक आहे. मी ते मनाला लावून घेत नाही. शून्याच्या पोटात काही नसतं, माझ्या पोटात सुमारे तीनशे बिया आहेत.

उद्या सकाळी मला कापणार आहेत. त्याचं मला दुःख नाही, भोपळा त्यासाठीच असतो. पण माझ्या जन्माच्या वेळी एक चूक झाली होती आणि ती आज संध्याकाळी, माझ्या डोळ्यांदेखत दुरुस्त झाली. ती गोष्ट पोटात ठेवून मी कापला गेलो, तर बियांबरोबर ती इथे पडवीतच सांडेल आणि कुणी वेचणार नाही. म्हणून आजच सांगून टाकतो.

माझं बियाणं या घरात पुतळाबाईंच्याही आधीपासून आहे. ते त्यांच्या सासूबाईंचं. दर वर्षी वेलावरचा सगळ्यात थोराड भोपळा बियाण्याला राखायचा, माघात कापायचा, बिया राखेत घोळून मडक्यात भरायच्या आणि मृग निघाला की उकिरड्याच्या कडेला टोचायच्या, असा या घराचा नेम आहे. आमच्यासारखा गोड गर बाजारच्या भोपळ्याला नसतो असं पुतळाबाई म्हणतात. मी स्वतःच्या तोंडाने काय सांगू?

पण माझ्या जन्माच्या आदल्या पावसाळ्यात तेरणेचं पाणी शेतात शिरलं आणि वेल फळांसकट वाहून गेला. मडक्याच्या तळाशी फक्त पाच बिया राहिल्या होत्या. त्या पाचही पुतळाबाईंनी यंदा लावल्या. दोन उगवल्याच नाहीत, एक रोप गोगलगाईंनी खाल्लं, एक शेळीनं. उरला एक वेल. त्याच्यावर एक तरी भोपळा धरला नाही, तर हे बियाणं या घरातून कायमचं जाणार होतं. पुतळाबाईंचा जीव त्या वेलावर टांगणीला लागला होता. उकिरड्यावरून बोरीच्या काट्यांच्या कुंपणावर चढलेल्या त्या वेलाला त्या दिवसातून दहा वेळा बघून यायच्या.

पुतळाबाईंची एक सवय मात्र आधीच सांगून ठेवायला हवी. त्या काहीही दाखवताना बोट सरळ करत नाहीत. तर्जनी मुडपतात आणि तिच्या मधल्या पेरानं दाखवतात. एसटी कुठे थांबते, चंद्र कुठे उगवला, पुण्याच्या नातवाच्या फोटोत कोण कुठे उभं आहे, सगळं मुडपलेल्या बोटानं. याला कारण आम्ही भोपळे. कोवळ्या फळाकडे सरळ बोट केलं की ते सडतं, अशी त्यांची पक्की समजूत.

पिराजी आजोबा त्यांना यावरून फार छेडायचे. विहारात पुढे बसून वंदना म्हणतेस, आयुष्यात कधी उपास केला नाहीस की नवस बोलली नाहीस, आणि एवढ्याशा भोपळ्याला भितेस, असं त्यांचं म्हणणं. त्यावर पुतळाबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "ही देवाधर्माची गोष्ट न्हाय. ही वेलाची गोष्ट हाय. देवाला म्या सोडलं, वेलाला कसं सोडू?" आजोबा मान हलवून आपल्या कामाला लागायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. श्रावणातला एक शनिवार होता. गावच्या शाळेत शनिवारी सकाळची शाळा असते आणि त्या दिवशी दप्तर आणायचं नसतं. चौथीच्या वर्गाला घेऊन शिवप्रिया बाई शिवारफेरीला निघाल्या आणि आमच्या शेतात आल्या. बावीस मुलं होती. त्यांच्या हातात एकेक वही आणि पेन्सिल. वेल बघायचा, हात न लावता मोजायचा आणि लिहायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. कुणाला पानं दिली होती, कुणाला फुलं, कुणाला तणावे. धनाजी नावाच्या मुलाला पानं मोजायची होती. तो चाळिसाला कंटाळला आणि त्यानं सरळ दोनशे लिहून टाकले.

फळं मोजायचं काम चैतालीकडे होतं. ही मुलगी कामाला पक्की. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं आणि तोंडात सतत प्रश्न. तिनं बाईंना विचारलं की एवढ्याएवढ्या गोळ्यांना फळ म्हणायचं का. बाई हो म्हणाल्या आणि ती कुंपणाजवळ येऊन एकेक पान निरखू लागली.

आम्ही तेव्हा सात जण होतो. थोरला लिंबाएवढा आणि सगळ्यात धाकटा मी. माझं फूल अजून उमललंही नव्हतं. हिरव्या कळीखाली हरभऱ्याएवढा गोळा, एवढंच माझं शरीर, आणि तेही एका मोठ्या पानाआड. चैताली उजव्या हाताचं बोट एकेकाकडे करत मोठ्यानं मोजत आली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग तिनं पेन्सिलीच्या टोकानं माझ्यावरचं पान उचललं, बोट माझ्याकडे केलं, आणि ती सात म्हणणार तेवढ्यात गोठ्याकडून पुतळाबाईंचा आवाज आला.

"ए पोरी, बोट घे माघारी. सडीवलंस की समदं."

चैतालीच्या तोंडातला सात तोंडातच राहिला. पान माझ्यावर परत पडलं. सगळी मुलं वळून तिच्याकडे बघायला लागली. पुतळाबाई धावत आल्या, वेलासमोर उभ्या राहिल्या आणि काही तरी बडबडत कपाळाला हात लावून बसल्या. शिवप्रिया बाईंनी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला, पण घाबरलेल्या माणसाच्या कानात शब्द शिरत नाहीत. शेवटी बाई मुलांना घेऊन विहिरीकडे गेल्या. जाताना चैतालीनं वहीत सात हा आकडा लिहिला. तो तेवढा मी पाहिला.

पुढचं सांगायला मला जड जातं. तिसऱ्या दिवशी माझा थोरला भाऊ टोकाकडून पिवळा पडला, मऊ झाला आणि गळला. मग दुसरा. बुधवारपर्यंत सहाच्या सहा गेले. पुतळाबाईंनी ते सगळे सुपात गोळा केले आणि सुपाकडे बघत कितीतरी वेळ बसून राहिल्या. रस्त्यानं जाणाऱ्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांनी सांगितलं की शाळेतल्या पोरीनं बोट दाखवलं. गावात बातमी पसरायला आणखी काय लागतं?

शाळेत काय झालं ते मला नंतर कळलं, खुद्द चैतालीकडून. दुपारच्या खिचडीला मुलं पंगतीनं बसतात. चैताली नेहमीच्या जागी बसायला गेली, तर शेजारच्या धनाजीनं आपली थाळी सरकवून घेतली. माझ्या खिचडीकडे बोट करू नको, सडेल, असं तो म्हणाला. तो थट्टाच करत होता. पण पलीकडच्या मुलीनंही थाळी सरकवली, मग तिच्या पलीकडच्या मुलानं. चैताली उठली आणि पंगतीच्या टोकाला, दोन हात जागा सोडून बसली. दुसऱ्या दिवशी तिला कुणी सांगावं लागलं नाही, ती आपणहून टोकाला बसली. तिनं उजव्या हाताची मूठ वळून घेतली, ती लिहायला आणि जेवायला तेवढी उघडायची. वर्गात उत्तर येत असलं तरी ती बोट वर करेना.

पुढच्या शनिवारी शिवप्रिया बाई सगळ्या वर्गाला पुन्हा आमच्याकडे घेऊन आल्या. त्यांच्या कानावर काही तरी आलं असावं. त्या दिवशी पहाटे माझं फूल उमललं होतं, पिवळंधमक, वाटीएवढं. बाईंनी मुलांना वेलाभोवती बसवलं आणि सांगितलं की पाव तास गप्प बसायचं आणि फुलांवर कोण येतं ते बघायचं. चैताली लांब, निंबाच्या झाडाखाली उभी होती.

पाव तासात एक मुंगळा आला, एक हिरवा किडा आला आणि गेला. दुसरं कुणीच आलं नाही. शेजारच्या महारुद्र अण्णांच्या सोयाबीनवर औषध मारायचं चाललं होतं, त्याचा वास येत होता. बाईंनी मुलांना दोन फुलं जवळून दाखवली. एक लांब, बारीक देठाचं, ते नर फूल. दुसऱ्याखाली इवलासा गोळा, ते मादी फूल. नर फुलातले परागकण मधमाशी मादी फुलात नेते, तेव्हा गोळ्याचा भोपळा होतो. माशी आली नाही तर गोळा पिवळा पडतो आणि गळतो. आमची फुलं पहाटे उमलतात आणि दहाच्या आत मिटतात. नेमकं त्याच वेळेला शेजारी रोज औषध मारत होते. मग माशी येणार कुठून?

मित्रांनो, माझे सहा भाऊ का गेले, ते मला त्या दिवशी कळलं. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण आमच्या नशिबी फक्त ऐकणं.

बाई म्हणाल्या की आज माशीचं काम आपणच करू या. धनाजीनं उडी मारून हात वर केला. बाईंनी मात्र चैतालीला हाक मारली. तेव्हा पुतळाबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, त्या पोरीला नको. वेलावर एकच जीव उरला आहे, तिचा हात नको. आवाज चढलेला नव्हता. त्यात नुसती काळजी होती, आणि म्हणूनच तो जास्त लागला. चैतालीचं तोंड एवढंसं झालं. बाई हटल्या नाहीत. शेवटी पुतळाबाईंनी तोंड फिरवून घेतलं आणि म्हणाल्या, "मग डाव्या हातानं कर म्हनावं."

तिनं डाव्या हातानं केलं. नर फुलाच्या पाकळ्या काढल्या आणि आतला पिवळा दांडा माझ्या फुलात हळूच फिरवला. उजवी मूठ पाठीमागे घट्ट धरली होती.  माझ्या आयुष्यात मला लागलेला तो पहिला हात.

पिराजी आजोबा त्याच दिवशी महारुद्र अण्णांकडे जाऊन आले. अण्णा म्हणाले की संध्याकाळी मारायला आमची काही हरकत नाही, कुणी सांगितलंच नव्हतं. पंधरा दिवसांनी वेलावर माश्या गुणगुणू लागल्या. पण तोवर नवे गोळे यायचे थांबले होते. त्या वेलावर मी एकटाच वाढलो.

वाढलो म्हणजे चांगलाच वाढलो. हरभऱ्याचा लिंबू झालो, लिंबाचा नारळ आणि नारळाची घागर. पुतळाबाईंनी माझ्याखाली पाचट घातलं, वर जुनं धोतर पांघरलं. माझ्यावर त्यांची डोळ्यांत तेल घालून राखण असायची. आल्यागेल्याला त्या मुडपलेल्या पेरानं मला दाखवायच्या आणि सांगायच्या की ह्यो पानाआड होता, बोट ह्याच्यापर्यंत आलं न्हाय, म्हणून वाचला. लोक वाहवा करायचे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पण मनात खोटेपणा टोचत राहायचा. बोट माझ्याकडे आलं होतं. मी ते अगदी जवळून पाहिलं होतं, नखावर उडालेल्या मेंदीसकट.

ही गोष्ट माझ्याखेरीज आणखी एकालाच माहीत होती. चैताली रोज शाळा सुटली की कुंपणापाशी यायची. मला हात न लावता बसायची आणि बोलायची. खिचडीची गोष्ट तिनं मला तेव्हाच सांगितली. उठताना मात्र ती दर वेळी एकच विचारायची. "सडनार न्हाईस ना?" माझ्यावर कुठे मऊ डाग आला आहे का ते चारी बाजूंनी वाकून बघायची आणि मगच घरी जायची. दहा वर्षांच्या मुलीनं कुणासाठी एवढी काळजी वाहू नये, असं मला फार वाटायचं.

दिवाळीच्या सुमाराला माझा देठ वाळला. पिराजी आजोबांनी मला वेलावरून तोडून उन्हात ठेवलं, मग पुतळाबाईंनी शिंक्यात चढवलं. चार दिवस कौतुक झालं. मग तुरी आल्या, ज्वारीची राखण आली आणि मला सगळे विसरले. कोळ्यानं माझ्या देठाला जाळं बांधलं. एका उंदरानं शिंक्याची दोरी कुरतडून पाहिली. थंडीच्या दिवसांत पडवीत कुणी बसत नाही, त्यामुळे बोलणंही कानावर पडेना. चैताली आता आत येत नसे, परक्याच्या पडवीत रोज कसं यायचं? ती रस्त्यावरून जाताना मान उंच करून माझ्याकडे बघायची, तेवढंच. मूठ अजून वळलेलीच असायची.

मग माघ लागला. पुतळाबाईंनी नेमाप्रमाणे मला कापायचं ठरवलं. शिवप्रिया बाई येऊन म्हणाल्या की मुलांनी हा भोपळा फूल असताना पाहिला आहे, कापतानाही पाहू दे. पुतळाबाई खुशीत होत्या. शनिवारी सगळ्या पोरांना घेऊन या, गराच्या घाऱ्या करते, आणि प्रत्येकाला पाच पाच बिया देते, असं त्यांनी सांगून टाकलं. एकाच घरात बियाणं ठेवलं की काय होतं, ते त्यांनी पुराच्या वर्षी पाहिलं होतं.

आणि आज शुक्रवारी, शाळा सुटल्यावर, चैताली पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात ती जुनी वही होती. पिराजी आजोबा दोरी वळत बसले होते, पुतळाबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी ये म्हटलं, तरी ती वर येईना.

"आजी, ह्याच्या बिया पोरांना नका देऊ," ती म्हणाली.

पुतळाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि का म्हणून विचारलं.

"सडतील. सगळ्यांच्या घरी सडतील, आन् परत माझंच नाव येईल." तिनं वही उघडून पुढे धरली. "ह्याच्याकडंबी बोट केलतं मी. तुमी वरडलात तवा बोट ह्याच्यावरच होतं. कुणाला सांगितलं न्हाई मी."

पुतळाबाईंना अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे येतात. त्या पानावर वेलाचं चित्र होतं. वेलाला सहा गोळे, सातवा पानाखाली, आणि बाजूला ठळक सात. पुतळाबाईंनी त्या आकड्याकडे पाहिलं, वर माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आकड्याकडे पाहिलं.

तोवर पिराजी आजोबांनी तिला विचारलं, परत नाव येईल म्हणजे काय गं? मग ती खिचडीचं बोलली. फारसं नाही, दोनच वाक्यं. थाळ्या सरकवतात, आणि मी टोकाला बसते. ती ते इतकं साधेपणानं म्हणाली की जणू पाऊस पडतो असं सांगावं.

आजोबांच्या हातातली दोरी थांबली. थट्टेखोर माणूस, पण त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते पुतळाबाईंकडे वळले आणि हळू आवाजात बोलले.

"म्या तिसरीत व्हतो तवा मलाबी टोकाला बसवायचे. माझा हात वंगाळ म्हनून. पंगतीला लागलो तर अन्न बाटतं म्हनून. आपुन त्यातनं किती मुश्किलीनं भाईर आलो. आन् ह्या लेकरासाठी पुन्हा तसलं टोक तयार झालं, ते आपल्या दारातनं."

 पुतळाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मग त्यांनी चैतालीला हाताला धरून वर घेतलं, जवळ बसवलं आणि स्वतःच्या मुडपलेल्या बोटाकडे बघत सांगायला लागल्या.

"म्या नवी नवरी व्हते, तुझ्याहून चारपाच वरसांनी थोर. सासूच्या ह्याच वेलाला पयला गोळा धरलेला. लई आनंद झाला, म्हनून बोट करून दावला. सडला त्यो. सासूबाई म्हनल्या, ह्या पोरीचं बोट वंगाळ हाय. तीन वरसं मला वेलाकडं जाऊ दिलं न्हाय. तवापासनं हे बोट म्या सरळ केलं न्हाय." त्यांनी चैतालीच्या वळलेल्या मुठीवर हात ठेवला. "आन् तुझं बोट मोडून ठिवलं. सहा गळाले तवा माशी न्हवती, हे बाईनं सांगितलं, म्या ऐकलं. पर मान्य करायचं म्हंजी पन्नास वरसं म्या उगीच भ्याले असं व्हतं गं. म्हनून केलं न्हाय."

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ ऐकलं, पण इतकं अवघड वाक्य कुणी बोललेलं ऐकलं नाही.

मग त्या उठल्या. शिंकं खाली घेतलं, माझ्यावरचं जाळं पदरानं पुसलं आणि मला पडवीच्या मधोमध ठेवलं. उजवा हात पुढे केला. तर्जनी नेहमीप्रमाणे मुडपलेली होती. त्यांनी ती उघडायला सुरुवात केली. पेरं आखडलेली होती, दुखत असावीत, कारण त्यांनी ओठ दाबून धरले. बोट हळूहळू सरळ झालं आणि माझ्या बरोबर पोटावर रोखलं गेलं.  मी सडलो नाही.

"आता तू," त्या चैतालीला म्हणाल्या. "त्या दिशी तुझी मोजनी म्या मधीच तोडली. पुरी कर."

चैतालीनं मूठ उघडली. नखावरची मेंदी केव्हाच गेली होती. तिनं बोट माझ्याकडे केलं, पुतळाबाईंच्या बोटाशेजारी.

"सात," ती म्हणाली.

पिराजी आजोबांनी पुन्हा दोरी हातात घेतली, पण त्यांना ती बराच वेळ वळता येईना. पुतळाबाईंनी ठरवलं आहे की उद्या घाऱ्यांची पंगत बसेल तेव्हा पहिलं पान चैतालीचं आणि तिला लागून धनाजीचं. धनाजीला अजून हे माहीत नाही.

माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. माझी एखादी बी तुमच्या हाती आली, तर मृग निघाल्यावर ती मातीत टोचा. वेलाला गोळे धरले की खुशाल सरळ बोट करून मोजा. त्यातले काही गळतील. तेव्हा सकाळी लवकर उठून बघा, माशी येते का, शेजारी औषध केव्हा मारतात, मुळाशी पाणी साचलं आहे का. कारण वेलाजवळ शोधा, कुणा लेकराच्या हातात शोधू नका. आणि पंगतीच्या टोकाला कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर आपली थाळी उचलून तिकडे न्या.

उजेड आता कमी झाला आहे. पुतळाबाईंनी विळी धुऊन भिंतीला टेकवून ठेवली आहे. सकाळी नऊच्या सुमाराला बावीस मुलं येतील आणि मी एकाचा तीनशे होईन. बिया मोजायचं काम चैतालीकडे आहे.